आजकालचे ड्रायव्हर इतके गुळगुळीत का वाटतात? की मीच म्हातारा झालो?

तिसरा_गिअर:
गेले दोन-तीन आठवडे रात्री जुन्या फॉर्म्युला वन रेसेस बघत बसतोय, आणि काल १९९० ची सुझुका, म्हणजे जपानची रेस, परत बघितली. पहिल्याच वळणावर टायटलसाठी भांडणारे सेन्ना आणि प्रोस्ट दोघंही वाळूत, सगळी धूळच धूळ, रेस धड सुरू पण झाली नाही आणि चॅम्पियनशिपचा निकाल लागला. गाड्यांतून उतरले आणि चालत निघाले, काय ते टशन. आणि मग त्याच्यामागून आपोआप हल्लीची एक पत्रकार परिषद लागली. पोडियमवाले, म्हणजे पहिले तीन आलेले, बसलेत, "टीमने जबरदस्त काम केलं, फॅक्टरीतल्या सगळ्यांचे आभार, आता डेटा बघू." तिघांची उत्तरं आपापसात अदलाबदल केली तरी कुणाला पत्ता लागणार नाही राव.

तर माझा प्रश्न असा की ड्रायव्हर लोकांमधली माणसं गेली कुठे? स्पॉन्सरच्या धाकाने सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलंय, की पोरंच तशी आहेत? आणि ज्या खुन्नस आपल्याला दाखवतात त्यातल्या खऱ्या किती? मारामाऱ्या हव्यात असं नाही म्हणत, उगाच अंगावर येऊ नका.

सुझुकाचा_भुंगा:
येणारच अंगावर, विषयच तसा काढलाय तुम्ही.

आधी एक गैरसमज काढून टाका, की तेव्हा खेळ होता आणि आता धंदा आहे. तुम्ही जी खुन्नस बघून हळहळताय तीच मुळात सिगारेटच्या पाकिटावर लढली गेली, मॅक्लारेनची ती लाल-पांढरी गाडी म्हणजे चाकं लावलेलं मार्लबोरोचं पाकीट होतं. १९८९ ला सुझुकालाच सेन्ना आणि प्रोस्ट जिथे एकमेकांत अडकले त्या वळणाचं नाव कॅसिओ ट्रायँगल, म्हणजे घड्याळाच्या कंपनीचं! १९६८ ला लोटसने गोल्ड लीफ सिगारेटचे रंग गाडीला फासले तेव्हापासून हे चालूय, त्याच्या आधी गाड्या देशाच्या रंगात असायच्या, ब्रिटिश हिरव्या, इटालियन लाल, फ्रेंच निळ्या. पैसा आला म्हणून स्वभाव गेले असं असतं तर सेन्ना जन्मालाच यायला नको होता.

खुन्नस कशाने पेटते सांगू का, सारख्या गाडीने. १९८८ ला मॅक्लारेनने १६ पैकी १५ रेस जिंकल्या, सेन्नाने ८ आणि प्रोस्टने ७. त्यात नियम असा की सर्वोत्तम ११ निकालच धरायचे. प्रोस्टचे एकूण गुण १०५, सेन्नाचे ९४, तरी चॅम्पियन सेन्ना, कारण धरलेले गुण सेन्नाचे ९० आणि प्रोस्टचे ८७. आता सांगा, एकाच गॅरेजमध्ये राहून एवढं झाल्यावर माणूस शेजारच्याला गुड मॉर्निंग म्हणेल का? आणि तुम्ही काल जे बघितलं त्याच्यामागे पोलच्या, म्हणजे सुरुवातीच्या सगळ्यात पुढच्या जागेचं भांडण होतं. सेन्ना पोलवर होता पण पोलची जागा ट्रॅकच्या मळक्या बाजूला, जिथे टायरला पकड कमी. बाजू बदला म्हणून तो मागे लागला होता, ती बदलली नाही. प्रोस्ट दुसऱ्या नंबरवरून स्वच्छ बाजूने पुढे सुटला आणि सेन्नाने गाडी वळणात घातली ती घातलीच. वर्षभराने स्वतःच कबूल केलं की हे मुद्दाम होतं. याला टशन म्हणायचं की वेडेपणा ते तुम्ही ठरवा, मी फॅन आहे त्याचा आणि मला अजून ठरवता आलेलं नाही.

ब्रेकफेल:
किमी रायकोनेनला विसरलात का सगळे? अबू धाबी २०१२, रेडिओवर इंजिनियर काहीतरी सांगायला जातो, हा म्हणतो मला एकट्याला सोडा, मला कळतंय मी काय करतोय. आणि मग त्याच वाक्याचे टी-शर्ट निघाले. म्हणजे गप्प बसणारा माणूस पण विकला, आणि उद्धटपणा पण विकला. आता बोला.

पिटवॉल_काकू:
ब्रेकफेल, एका ओळीत मुद्दा सांगून मोकळे झालात, आता मी लांबवते.

मला वाटतं पोरं गुळगुळीत झालेली नाहीत, मोकळं वागायला त्यांना मिळणारा वेळ कमी झालाय. रेस संपल्यावर पहिली दोन मिनिटं नीट बघा एकदा. ड्रायव्हर गाडीतून उतरतो, हेल्मेट निघतं, आतला कापडी बालाक्लावा निघतो, घामाने केस चिकटलेले, चेहऱ्यावर पट्ट्यांचे वळ. आणि तोंडातून पहिला शब्द निघायच्या आधी डोक्यावर कॅप येते, हातात पाण्याची बाटली येते, मनगटावर घड्याळ चढतं. मग माइक. त्या हेल्मेट निघण्यापासून कॅप चढण्यापर्यंतच्या फटीत जो दिसतो तो खरा माणूस, बाकी सगळं जाहिरातीच्या करारातलं. मी तर तेवढंच बघायला थांबते, माझ्या घरचे हसतात मला.

आणि कधीकधी कॅपच घात करते. ऑस्टिन २०१५ आठवतंय का? हॅमिल्टनने रेस आणि चॅम्पियनशिप दोन्ही जिंकली, पोडियमआधीच्या खोलीत त्याचा टीममेट रोझबर्ग खुर्चीत पडलेला, हॅमिल्टनने त्याच्याकडे दुसऱ्या नंबरची कॅप टाकली आणि त्याने ती तशीच परत भिरकावली. एक शब्द नाही. लहानपणी कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या गाड्यांच्या रेसमध्ये, एकाच टीममध्ये वाढलेली दोन पोरं, त्यांच्यातलं सगळं त्या एका कॅपमध्ये आलं. पुढच्या वर्षी रोझबर्गने चॅम्पियनशिप जिंकली आणि पाच दिवसांत रिटायर झाला. त्याला किती दमवलं असेल त्या खुन्नसने. हे काय गुळगुळीत आहे का?

बाकी तोंडाला कुलूप म्हणाल तर ते नुसते स्पॉन्सर लावत नाहीत, खेळ चालवणारी संघटना पण लावते. २०२४ ला सिंगापूरला फेर्स्टाप्पन पत्रकार परिषदेत गाडीबद्दल बोलताना शिवी बोलला, त्याची शिक्षा म्हणून समाजोपयोगी काम करायला लावलं. मग त्याने काय केलं, अधिकृत पत्रकार परिषदेत एकेका शब्दात उत्तरं दिली आणि बाहेर येऊन पत्रकारांशी स्वतःची वेगळी भरवली. मला तर सेन्ना आठवला. गाडी घालायच्या ऐवजी शब्द घातले नाहीत एवढाच फरक.

आळशी_अपेक्स:
काकू, कॅपचं निरीक्षण एक नंबर.

मी थोडं खालच्या पायरीवरून बोलतो. मी दोन सीझन कार्टिंग केलंय, हौशी लेव्हलचं, त्यामुळे फार शहाणपणा शिकवत नाही. पण तिथे मला कळलं की स्पॉन्सरचा प्रश्न एफ वनला पोचल्यावर येत नाही, तो दहाव्या वर्षी येतो. आमच्यात एक पोरगं होतं, त्याचे वडील प्रत्येक सेशनला नवे टायर लावायचे, आणि आम्ही तिघं जण तेच टायर डावे-उजवे बदलून दुसऱ्या दिवशी पण चालवायचो. नवा टायर पहिल्या दोन-तीन लॅपला जी पकड देतो ती कौशल्याने नाही भरून काढता येत, हे मी रडून सांगतोय. एका रेसनंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला "तुझा ब्रेकिंग पॉइंट माझ्यापेक्षा उशिरा आहे, वळणाच्या इतक्या जवळ जाऊन ब्रेक कसा मारतोस?" मी काय सांगणार, बाबा माझ्याकडे दुसरा पर्याय नाही म्हणून. दुसऱ्या सीझनच्या मध्यात पैसे संपले, संपलं आमचं. तो पोरगा चांगला होता हां, तक्रार नाही.

आणि हे आजचं पण नाही. निकी लाउडाने बँकेकडून कर्ज काढून सीट मिळवली होती, घरचे श्रीमंत असून त्यांनी मदत केली नाही म्हणून. १९९१ ला बेल्जियममधल्या स्पाला शूमाकर पहिल्यांदा जॉर्डनच्या गाडीत बसला त्यासाठी मर्सिडीजने जॉर्डनला पैसे मोजले होते. म्हणजे पैसे आणून सीट मिळवणारा "पे ड्रायव्हर" म्हणून आपण नाक मुरडतो त्यात पुढचे चॅम्पियन पण निघाले. फरक इतकाच की आता मोठ्या टीम्सच्या अकॅडमी पोराला शाळेत असतानाच उचलतात, आणि गाडी चालवण्याबरोबर माइकसमोर कसं बोलायचं ते पण शिकवतात. दहा-बारा वर्षं तेच ऐकल्यावर विसाव्या वर्षी "टीमने जबरदस्त काम केलं" आपोआपच येणार ना तोंडात.

तिसरा_गिअर:
वा, मजा आली. पण भुंगा, तुमच्या सारख्या गाडीच्या थिअरीला एक भोक आहे. २०२५ ला नॉरिस आणि पियास्त्री एकाच मॅक्लारेनमध्ये, गाडी सगळ्यात भारी, दोघंही टायटलच्या शर्यतीत, आणि तरी? कॅनडात नॉरिस पाठीमागून पियास्त्रीवर आदळला आणि रेडिओवर लगेच चूक माझी म्हणाला. मॉन्झाला टायर बदलायचा नॉरिसचा पिट स्टॉप लांबला तर टीमने पियास्त्रीला जागा परत द्यायला सांगितली, त्याने कुरकुर करत का होईना दिली. शेवटी नॉरिस फेर्स्टाप्पनपेक्षा २ गुणांनी चॅम्पियन झाला. प्रोस्टला कुणी असं सांगितलं असतं तर?

आणि नेटफ्लिक्सचं कुणीच काही बोललं नाही अजून.

सुझुकाचा_भुंगा:
भोक मान्य. पण सेपांग २०१३ बघा, रेड बुलमध्ये पण आदेश होता, मल्टी २१, म्हणजे दोन नंबरची वेबरची गाडी पुढे आणि एक नंबरची फेटेलची मागे. फेटेलने ऐकलंच नाही, वेबरला पास करून जिंकला. मॅक्लारेनने शिस्त चांगली लावली एवढंच, आणि टीमला ते परवडतं, कारण बक्षिसाच्या पैशाची वाटणी टीमच्या चॅम्पियनशिपवर होते, ड्रायव्हरच्या नाही. दोघं एकमेकांना धडकून बाहेर गेले की टीमचे गुण गेले. टीमच्या दृष्टीने खुन्नस म्हणजे खर्च.

पिटवॉल_काकू:
नेटफ्लिक्सचं मी बोलते. लिबर्टी मीडियाने २०१७ ला एफ वन विकत घेतलं, आणि नेटफ्लिक्सची मालिका ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह आली २०१९ ला. पहिल्या सीझनला मर्सिडीज आणि फेरारी आत आलेच नाहीत, म्हणून कॅमेरा मागच्या टीम्सकडे वळला आणि हास टीमचे तेव्हाचे बॉस गुंथर स्टायनर स्टार झाले. जिंकणारे नसताना पण लोकांनी बघितलं, कारण माणसं दिसली! म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. अर्धं वाईट उत्तर असं की सैन्झ आणि नॉरिस, चांगले दोस्त, ते एकमेकांवर दात धरून असल्यासारखे दाखवले गेले. फेर्स्टाप्पन तर खोट्या खुन्नस रंगवतात म्हणून मध्ये काही काळ मुलाखतच देत नव्हता, मग परत आला.

गंमत म्हणजे खरी खुन्नस झाली तेव्हा कुणाला रंगवायची गरजच पडली नाही. २०२१ ला शेवटच्या रेसला हॅमिल्टन आणि फेर्स्टाप्पन दोघंही बरोबर ३६९.५ गुणांवर. अर्धा गुण कुठला तर स्पाला पावसात सेफ्टी कारच्या मागे नुसती हळू फिरून आलेली ती रेस, तिचे अर्धेच गुण दिले होते. लेखकाने लिहिलं असतं तर एडिटरने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

ओव्हल_वेडा:
तुम्ही सगळे एफ वनवाले, मी नॅसकारचं, म्हणजे अमेरिकेतल्या ओव्हल ट्रॅकवरच्या रेसचं, एक टाकतो आणि जातो. १९७९ ची डेटोना ५००, पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर लाइव्ह, अमेरिकेच्या पूर्व भागात बर्फाचं वादळ, लोक घरात अडकलेले. शेवटच्या लॅपला केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन पहिल्या नंबरसाठी एकमेकांना घासत भिंतीत गेले, मागून रिचर्ड पेटी येऊन जिंकला, आणि इकडे गवतावर हाणामारी, डॉनीचा भाऊ बॉबी पण उतरला त्यात. हेल्मेट हातात घेऊन! नॅसकार देशभर पोचलं त्यात त्या भांडणाचा मोठा वाटा धरतात. स्पॉन्सर खुन्नस मारतात म्हणे, त्या दिवशी खुन्नशीनेच स्पॉन्सर आणले.

ब्रेकफेल:
भांडणाचे टी-शर्ट निघाले होते का?

ओव्हल_वेडा:
माहीत नाही, पण निघाले असतील तर मला एक लार्ज.

तिसरा_गिअर:
काकू, तुमच्या नादाने काल रेस संपल्यावर टीव्ही बंद न करता थांबलो. तिसऱ्या नंबरवाल्याने हेल्मेट काढलं, गाडीच्या नाकाकडे बघत उभा राहिला, एकदा जोरात मान हलवली, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. मग मागून हात आला, कॅप. लगेच हसला. मी तेवढं तीन वेळा मागे नेऊन बघितलं.