कोमो सरोवर – एंगाडिन – स्टेल्व्हिओ सायकल फेरी: दिशा, गिअर आणि काय गाळावं?

चेन_उतरली

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या आल्प्समध्ये दोघांचा बेत आहे. रोड सायकली, पुढे ५०/३४, मागे ११ स्पीडची ११-२८ कॅसेट (चाकावरचा ११ चकत्यांचा संच, सर्वात लहान ११ दाती, सर्वात मोठी २८), २८ मिमी टायर, डिस्क ब्रेक. तंबू नाही. सामान प्रत्येकी ७ किलो, पिशव्या सीट आणि हँडलला बांधलेल्या. दिवसाला ८०-१०० किमी आणि १५०० मीटर चढ जमतो.

कच्चा आराखडा: कोलिको – तिरानो – मोर्तिरोलो – बोर्मियो – गाविया (जाऊन-येऊन) – स्टेल्व्हिओ – ओफेन खिंड – सेंट मॉरिट्झ – मालोया – कियावेन्ना – कोलिको. यातले मोर्तिरोलो, गाविया, स्टेल्व्हिओ, ओफेन आणि मालोया हे घाट. पाच दिवस.

दिशा बरोबर आहे का? गिअर पुरतील का? दिवस कमी पडत असतील तर काय गाळू?

घाटमाथा

फेरी उलटी करा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे: आधी मालोया, शेवटी व्हाल्तेल्लिना (बोर्मियो ते कोलिकोची दरी). कारण वारा.

एंगाडिनच्या, म्हणजे मालोयापासून सेंट मॉरिट्झकडे जाणाऱ्या दरीच्या, वरच्या भागात एक विचित्र प्रकार आहे. दिवसा वारा सहसा दरीतून वर चढतो, इथे मात्र तो मालोया खिंडीवरून येऊन दरीतून खाली, सेंट मॉरिट्झकडे वाहतो. सिल्वाप्लाना सरोवरावर विंडसर्फिंगवाल्यांची गर्दी असते ती याच वाऱ्यासाठी. तुमच्या दिशेने आलात तर दुपारी सगळी सरोवरं तोंडावर वारा घेत पार करावी लागतील. उलट गेलात तर तोच वारा पाठीशी. कोमो सरोवरावरचा ब्रेव्हा वाराही साधारण दुपारपासून दक्षिणेकडून सुटतो, तो पहिल्या दिवशी कियावेन्नाकडे ढकलतो.

किंमत एकच आहे: शेवटी तिरानो ते कोलिको येताना हाच ब्रेव्हा समोरून येणार. म्हणून त्या दिवशी सकाळी साडेसहाला निघा. ७५ किमी, बराचसा हलका उतार, बारापर्यंत संपतं. दमलात तर बाजूनेच रेल्वे आहे, प्रादेशिक गाड्यांत सायकलचं तिकीट काढून सायकल नेता येते.

दुसरं कारण चढाचं. कियावेन्ना (३३३ मी) ते मालोया (१८१५ मी) ३२ किमीला सरासरी साडेचार टक्केच येते, पण त्या आकड्यावर जाऊ नका. कासाच्चा गावापर्यंत टप्प्याटप्प्याने चढ आहे आणि खरा घाट त्यानंतरच्या वळणांत, तिथे साडेतीनशे मीटर एका दमात. पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला उत्तम. वर पोचल्यावर उताराची वाट बघू नका. पलीकडे उतार जवळजवळ नाहीच, सिल्स सरोवर १७९७ मीटरवर आहे.

स्पोक_३२

२८ दाती कॅसेट घेऊन जाऊ नका. हिशोब करून बघा. माणूस ७५, सायकल १०, सामान ७, एकूण ९२ किलो. दिवसभर टिकणारा जोर १७० वॅट धरा. ८ टक्के चढावर वेग साधारण ताशी साडेसात किमी. ३४×२८ ला (पुढे ३४ दाती, मागे २८) पायडलचे फेरे मिनिटाला ४८, ३४×३४ ला ५८. तासभर ४८ ने रेटता येतं, स्टेल्व्हिओसारखे तीन तास नाही. गुडघे दुसऱ्या दिवशी बोलायला लागतात. मोर्तिरोलोला, माझ्झोकडून १२.४ किमी आणि सरासरी साडेदहा टक्के, हाच आकडा ३८ वर येतो. ३४ दाती लावूनही ४६. सामानासकट तो घाट यादीतून काढाच.

कॅसेट बदलताना तीन गोष्टी बघा:

१. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा असेल तर शिमानोच्या ११ स्पीडमध्ये त्याची मर्यादा ३० दात्यांपर्यंत असते. ३४ साठी मध्यम पिंजऱ्याचा लागतो.

२. चेन जुनीच ठेवू नका. कॅसेट मोठी झाल्यावर ती अपुरी पडते. चुकून मोठं-मोठं गिअर (पुढची आणि मागची सर्वात मोठी चकती) पडलं की डिरेलर ताणून सरळ होतो आणि त्याला धरणारा हँगर वाकतो. नवी चेन घ्या, मोठ्या-मोठ्यावर मापून मगच तोडा.

३. शिमानोची ११-३४ ही एचजी ७०० किंवा एचजी ८०० कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना आत १.८५ मिमीची चकती घालावी लागते. ती पाकिटातच असते आणि हमखास पाकिटातच राहते. मग लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) पूर्ण आवळलं तरी कॅसेट हाताने खुळखुळते आणि गिअर काही केल्या नीट लागत नाहीत. बसवल्यावर कॅसेट धरून हलवून बघा.

पुढे ४६/३० क्रँक मिळाली तर आणखी बरं, पण फ्रंट डिरेलर खाली सरकवायला जागा आहे का ते आधी तपासा.

घाटमाथा

गिअरचं झालं. आता दिवस. पाच नाही, सहा धरा.

पहिला: कोलिको – कियावेन्ना – मालोया – सिल्वाप्लाना. साधारण ७० किमी.

दुसरा: सेंट मॉरिट्झ – त्सेर्नेझ – ओफेन (२१४९ मी) – सांता मारिया. ७५ किमीच्या आसपास. ओफेन फसवा आहे. त्सेर्नेझहून १८८० पर्यंत चढवतो, मग दीडशेहून जास्त मीटर खाली सोडतो आणि पुन्हा सव्वाचारशे चढायला लावतो. मध्ये स्विस राष्ट्रीय उद्यान लागतं, पाणी-खाणं त्सेर्नेझलाच भरून घ्या.

तिसरा: स्टेल्व्हिओ (२७५७ मी), उतरून बोर्मियो.

चौथा: बोर्मियोहून गाविया, पलीकडे पोन्ते दि लेन्यो, एडोलो, अप्रिका, तिरानो. शंभर किमी, १९०० मीटर चढ. सगळ्यात कठीण दिवस हा, स्टेल्व्हिओचा नाही. पाय साथ देत नसतील तर त्याऐवजी सामान मुक्कामी ठेवून कान्कानोच्या सरोवरांवर जाऊन या आणि संध्याकाळी सायकलमार्गाने तिरानोला उतरा.

पाचवा: तिरानो – कोलिको.

सहावा पावसासाठी राखीव. नाही लागला तर व्हारेन्नाहून फेरीबोटीने बेल्लाजिओ आणि तिथून गिझाल्लो. ७५४ मीटरवरच्या त्या देवळातल्या मादोन्नाला (माता मेरीला) १९४९ मध्ये पोपने सायकलस्वारांची संरक्षक म्हणून जाहीर केलं. आत भिंतीवर शर्यतींच्या सायकली टांगलेल्या आहेत.

चेन_उतरली

मोर्तिरोलो रद्द. दिशाही बदलली. ३४ दाती कॅसेट आणि मध्यम डिरेलर बघतो. स्टेल्व्हिओच्या प्रसिद्ध ४८ वळणांचं काय? सांता मारियाहून गेलो तर ती चुकतात ना?

उलटा_वारा

चुकतात. सांता मारियाहून उम्ब्राइल खिंडीचा (२५०१ मी) रस्ता आहे, १३ किमीत ११०० मीटरपेक्षा जास्त. तो बोर्मियोच्या बाजूच्या रस्त्याला मिळतो आणि तिथून माथा तीन किमी. ४८ वळणं हवी असतील तर आधी स्टेल्व्हिओच्या पायथ्याच्या प्रातो गावापर्यंत साडेचारशे मीटर खाली उतरायचं आणि मग २४ किमीत १८०० मीटर चढायचं. माझं मत: उम्ब्राइलच घ्या. गर्दी कमी, रस्ता गुळगुळीत (२०१५ पासून पूर्ण डांबरी), आणि गावियासाठी पाय उरतात.

घाटमाथा

असहमत. इतक्या लांब जाऊन ती बाजू सोडायची? फक्त पहाटे निघा, दहानंतर मोटारसायकलींचा ताफा सुरू होतो. वळणांना क्रमांक आहेत, खाली ४८ आणि माथ्यावर १. खालून पहिलं वळण गोमागोई गावानंतर येतं, तोवर नुसताच चढ. बहुतेक वळणं त्राफोई सोडल्यावर. फ्रान्झेन्सह्योहेला शेवटची भिंत अख्खी दिसते तेव्हा वर बघू नका, एक एनर्जी जेल खा आणि पुढचा क्रमांक मोजा. तीन तासांच्या चढाला ताशी ५०-६० ग्रॅम कर्बोदकं हवीत, भूक लागायची वाट बघितली तर उशीर होतो.

ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी हा घाट वाहनांना बंद ठेवून सायकलींना मोकळा करतात. तारीख बघूनच आराखडा पक्का करा.

रबर_जळतंय

चढाचं सगळे सांगतात, उताराचं कोणी नाही. स्टेल्व्हिओहून बोर्मियो २१ किमी आणि दीड हजार मीटर. ब्रेक सतत हलका धरून ठेवलात तर पॅड आणि डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही. पॅडवर काचेसारखी झिलई येते, ब्रेक किंचाळतो आणि धरेनासा होतो. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग पाडा, सोडा. निघण्यापूर्वी पॅड मोजा: मसाला ०.५ मिमी उरला की संपला, पण या फेरीला अर्ध्याहून कमी असेल तरी नवे घाला. जादा जोडी बरोबर ठेवा. मेटल पॅड घ्यायचे असतील तर डिस्कवर 'फक्त रेझिन' असा शिक्का नाही ना ते बघा.

बोर्मियोच्या बाजूला बोगदे अरुंद आणि ओले आहेत, गावियाच्या दक्षिण उतारावर एक काळोखा. गॉगल काढून मगच आत शिरा. इटलीत बोगद्यात सायकलस्वाराला चमकणारं जाकीट सक्तीचं आहे.

कपडे: शंभर मीटरला सरासरी ०.६५ अंश धरा. कोमोकाठी २८ असेल तर स्टेल्व्हिओवर ११-१२, आणि तुम्ही घामाने चिंब. माथ्यावर आतला बनियन बदला, वाराबंद जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही, खरा धोका तोच.

उलटा_वारा

तिसऱ्या दिवशी वर बर्फ किंवा वादळाचा अंदाज असेल तर ओफेनकडे जाऊच नका. सेंट मॉरिट्झहून बेर्निना (२३२८ मी) ओलांडून थेट तिरानो. तेही नको असेल तर त्याच मार्गावरच्या लाल रेल्वेत सायकल चढवा. सायकलनेच उतरलात तर ल प्रेझे आणि सांत'आंतोनिओ इथे रूळ गावाच्या रस्त्यातूनच जातात. २८ मिमी टायर त्या खाचेत अलगद बसतो. रूळ काटकोनातच ओलांडा, पावसात तर उतरून.

कोलिकोला लेक्कोकडून सायकलने येणार असाल तर मोबाइलचा नकाशा गाडीच्या पर्यायावर ठेवू नका, तो एसएस ३६ या हायवेवर नेईल. तो हायवे सायकलींना बंद आहे. काठाकाठाने जाणारा एसपी ७२ धरा.

विम्यात डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टर धरलंय का ते वाचून घ्या. आपत्कालीन क्रमांक दोन्हीकडे ११२, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी १४१४. मोबाइलच्या रोमिंग पॅकमध्ये स्वित्झर्लंड आहे का तेही बघा, नुसत्या युरोपीय संघाच्या पॅकमध्ये ते धरलेलं असेलच असं नाही.

चेन_उतरली

प्रातोच्या बाजूने जायचं ठरलं, पण त्यासाठी दुसऱ्या दिवशी मुक्काम सांता मारियाऐवजी खाली प्रातोलाच केला तर?

घाटमाथा

तेच करा. दुसरा दिवस वीसेक किमीने वाढतो, तोही उताराने, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पाय थेट चढावर.