मदत हवी आहे : शालेय शिक्षणाचा राज्य अर्थसंकल्प कसा वाचावा?

नमस्कार. मी आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य असून, महाराष्ट्र शासन शालेय शिक्षणासाठी जी तरतूद करते, तिच्यातील वेतनेतर भाग किती असतो आणि तो शाळेपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो, हे समजून घेण्याचा प्रयत्न करीत आहे.

'2202 सामान्य शिक्षण' या प्रधान लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या मुख्य खात्याखाली) प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा महसुली खर्च दाखवला जातो आणि त्याचा फार मोठा वाटा वेतनाचा असतो, एवढे लक्षात आले आहे. परंतु आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचा खर्च वेगळ्या मागणीत (विभागाच्या खर्चासाठी विधिमंडळापुढे मांडलेल्या प्रस्तावात) असतो. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्र पुरस्कृत योजनेत केंद्र व राज्याचा हिस्सा 60:40 असल्याने तिचे आकडे निराळे शोधावे लागतात. शिवाय पुरवणी मागण्यांमुळे, म्हणजे वर्षाच्या मध्यात मागितलेल्या जादा निधीमुळे, मार्चमधील मूळ तरतूद वर्षभर बदलत राहते. त्यामुळे एकूण बेरीज कशी करावी, हेच उमगत नाही. वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छतागृहे अशा गोष्टी याच वेतनेतर पैशांवर अवलंबून असल्याने हा प्रश्न मला केवळ हिशेबाचा वाटत नाही.

मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलना जिल्हानिहाय करता येईल अशी कागदपत्रे कोणती? 'बीम्स' या राज्य शासनाच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवरील वितरित निधीचे तपशील सामान्य नागरिकाने कसे वाचावेत? लेखा विभागात काम केलेल्या किंवा अर्थसंकल्पाचा अभ्यास असलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.