परदेशात फक्त मुक्त सॉफ्टवेअरचा फोन न्यावा का?

आयर्विनपूल (सांगली)

गेल्या सप्टेंबरात बहिणीकडे जर्मनीला १८ दिवस राहून आलो. श्टुटगार्टला तिचं घर, तिथून रेल्वेने न्यूरेंबर्ग आणि म्युनिक. खिशात एकच फोन होता, लिनेजओएसवर, म्हणजे अँड्रॉइडच्या उघड्या कोडवरून लोकांनी बनवलेल्या प्रणालीवर चालणारा. त्यात गुगलचं एकही अ‍ॅप नाही, प्ले स्टोअर नाही, सगळी अ‍ॅप्स एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या भांडारातून घेतलेली. परत आल्यापासून विश्रामबागच्या आमच्या चहाच्या टपरीवर यावरून वाद सुरू आहे. माझं मत ठाम आहे: असा फोन घेऊन जाता येतं आणि जावं.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे. प्रोग्रॅम वापरायची, वाचायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक, म्हणजे मुक्त. परक्या मुलखात आपली तिकिटं, पैसे, घरच्यांशी बोलणं, रस्ता, सगळं त्या एका वस्तूत असतं. तिने माझंच ऐकावं, हे मला सांगलीपेक्षा तिकडे जास्त गरजेचं वाटलं.

निघण्याआधी घरच्या वायफायवर ओएसएमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग आणि बव्हेरियाचे नकाशे उतरवून घेतले. सिमला रेंज नसतानाही पायवाटा, पाण्याचे नळ, कुठे जिना आहे नि कुठे लिफ्ट, सगळं दिसत होतं. हा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा २००४ पासून लोकांनीच भरत आणलाय, आणि जर्मन माणसं त्यात फार मन लावून काम करतात. (आपल्या गणपती पेठेतले बोळ त्यात अर्धेच होते. मी आल्यावर भरायला घेतलेत.) रेल्वेची तिकिटं वेबसाइटवर काढली. पीडीएफ केडीई आयटिनररी या प्रवासाच्या अ‍ॅपला दिली की ते गाडी, वेळ, डबा, सीट वाचून घेतं आणि तपासनिसासमोर कोड दाखवतं. घरी बोलायला एलिमेंट, हे मेसेज आणि कॉलचं मुक्त अ‍ॅप. आईच्या फोनवर ते जाण्याआधीच बसवून दिलं होतं.

अडलं एकाच ठिकाणी. माझ्या बँकेचं अ‍ॅप 'फोन सुरक्षित नाही' म्हणून उघडलंच नाही. मग बँकेची वेबसाइट, एसएमएसवर येणारा ओटीपी, फॉरेक्स कार्ड आणि रोख युरो यांवर भागवलं. जर्मनीत रोखीने अजून बरंच चालतं. दोष फोनचा नव्हता, दार लावून घेणाऱ्याचा होता.

हळदीचं पोतं (सांगली)

दादा, हे तुम्हाला जमलं कारण तिकडे बहीण होती. मी व्यापारासाठी दुबईला जातो, कधी सिंगापूरला. टॅक्सी अ‍ॅपवर, ग्राहकाचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि काही दुकानांत आता यूपीआयसुद्धा चालतं. पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांना फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय आहे. यूपीआयचं एकही अ‍ॅप तुमच्या व्याख्येत बसत नाही, अगदी भीमसुद्धा. मग मी काय करू? ग्राहकाला सांगू का, की आधी एलिमेंट बसवा, मग हळदीचा दर सांगतो? माणूस प्रवासाला कामासाठी जातो. फोन त्या कामाला उपयोगी पडला पाहिजे.

मिरज जंक्शन

माझी हरकत उलट बाजूने आहे. 'फक्त मुक्त सॉफ्टवेअर' हे तुमचं म्हणणंच खरं नाही. लिनेजओएसमध्ये मॉडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग), वायफाय, कॅमेरा यांचं कंपनीचं बंद फर्मवेअर, म्हणजे तो भाग चालवणारा आतला प्रोग्रॅम, असतंच. ते शक्य तेवढं काढून टाकायचं म्हटलं तर रेप्लिकंट ही दुसरी मुक्त प्रणाली आहे. मी जुन्या गॅलेक्सी एस-३ वर वर्षभर वापरलं. वायफायसाठी बाहेरून डाँगल लावावा लागायचा. तो फोन घेऊन जर्मनीला गेला असता, तर तिकडे थ्रीजी २०२१ मध्येच बंद झालंय आणि त्या फोनमध्ये फोरजी नाही. म्हणजे उरलं टूजी. मी तुमच्या बाजूचा आहे, म्हणूनच सांगतो: जेवढं आहे तेवढंच सांगा. 'वरची अ‍ॅप्स मुक्त, खालचं फर्मवेअर बंद' असं म्हणा. नाहीतर ऐकणारा पहिल्याच प्रश्नाला आपल्याला खोटं पाडतो.

आयर्विनपूल

मिरजकर, मान्य. शीर्षकात 'फक्त' लिहिताना मॉडेम माझ्या डोक्यात नव्हता.

हळदवाले, तुमच्या धंद्याचं मला कळतं. पण यूपीआय अ‍ॅप बंद आहे हा निसर्गाचा नियम नाही. पैसा आपला, बँक आपली, यंत्रणा आपल्या देशाने उभी केलेली. तिच्यासाठी उघड्या कोडचं अ‍ॅप का नसावं, हे आपण विचारतसुद्धा नाही. आणि दार अजून अरुंद होतंय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. देशातल्या डिजिटल व्यवहारांत एसएमएस ओटीपीखेरीज इतर पर्यायांनाही त्यात वाट आहे. हेतू सुरक्षेचा आहे, चांगलाच आहे. पण उद्या बँकांनी एसएमएस बंद करून 'आमच्याच अ‍ॅपमध्ये मंजुरी द्या' म्हटलं, तर माझ्यासारख्याचं उरलेलं दारही गेलं. जर्मनीतही तेच. रेल्वेचं सवलतीचं बानकार्ड जून २०२४ पासून प्लास्टिकचं मिळत नाही, ते डिजिटल आहे. तिथे लोकांनी आरडाओरडा केला, आणि वेबसाइटवरून छापून घ्यायची सोय आहे. मागितलं तर मिळतं. आपण बँकेच्या काउंटरवर कधी मागितलंय?

माहुलीची लेक (सातारा)

दादा, मी मागितलंय. बँकेत तासभर उभी राहून आईसाठी साधी एसएमएसची सोय चालू ठेवून घेतली. त्यामुळे त्या मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर आहे. पण बाकी नाही.

माझी आई ६८ वर्षांची. पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदाच एकटी भावाकडे जर्मनीला निघाली आहे. पोवई नाक्यावरून गाडी करून मुंबई, आणि तिथून पुढे तिची ती. तुमचं वाचून भाऊ म्हणाला, आईलाही असाच फोन देऊ. मी नाही म्हटलं, कारण हे: युरोपात ११२ फिरवला की अँड्रॉइड फोन आपण कुठे आहोत ते आपोआप मदत केंद्राला कळवतो. मार्च २०२२ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना ही सोय बंधनकारक आहे. अँड्रॉइडमध्ये ती गुगल प्ले सर्व्हिसेसमधून चालते. तुमच्या फोनमध्ये ती सेवाच नाही, म्हणजे ही सोयही नाही. आई पडली, तिला जर्मन येत नाही, इंग्रजी मोडकं, रस्त्याचं नाव वाचता येत नाही. तिला कोण शोधणार? गुगलला माझ्या आईचा ठावठिकाणा कळतो हे मला आवडत नाही. पण तिथल्या अ‍ॅम्ब्युलन्सला तो कळला पाहिजे.

मिरज जंक्शन

ताईंचा मुद्दा बरोबर आहे. आणि सांगायला वाईट वाटतं, पण मायक्रोजी, म्हणजे गुगल प्ले सर्व्हिसेसचा मुक्त पर्याय, बसवून हे सुटेल अशा आशेवर राहू नका. पुश मेसेज वगैरेंसाठी ते उपयोगी आहे, आणि त्यासाठीही ते गुगलच्या सर्व्हरशीच बोलतं.

आयर्विनपूल

ताई, ११२ ची ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी स्वतःसाठी ओएसएमअँडमधले अक्षांश-रेखांश फोनवर वाचून दाखवायचं ठरवलं होतं, बहिणीसमोर एकदा सरावही केला होता. पण एक मात्र बोलायलाच हवं. जीव वाचवणारी सोय एका कंपनीच्या बंद सेवेत कशी काय अडकली? कायद्याने ती बंधनकारक करताना ती सगळ्यांना बांधता येईल अशी उघडी ठेवायला हवी होती. आजच्या आज आईला कोणता फोन द्यायचा, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तिथे मी तुम्हाला आग्रह करणार नाही.

हळदीचं पोतं

म्हणजे शेवटी एकट्या धडधाकट माणसासाठीच हा फोन.

आयर्विनपूल

नाही. ज्याला मागे कोणीतरी आहे आणि पुढे कोणीतरी आहे, त्याच्यासाठी. असे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी वापरला तर तुमच्या आणि ताईंच्या आईच्या सोयीचा फोन कोणीतरी बनवेल.

माहुलीची लेक

दादा, अक्षांश वाचून दाखवायला माणूस शुद्धीवर लागतो. आईच्या फोनवर तुमचा नकाशा घालते, भावाकडचा भाग उतरवून, आणि भावाचा पत्ता जर्मनमध्ये मोठ्या अक्षरात छापून पर्समध्ये ठेवते. बाकी फोन आहे तसाच राहील. ओएसएमअँडमध्ये मराठी नावं दिसतील का, तेवढं सांगा. आईला रोमन अक्षरं वाचायला वेळ लागतो.