स्वतःच्या डिस्कची प्रत काढणे ही चोरी कशी?

अंत्रुजकर : विकत घेतलेल्या डीव्हीडीची घरी प्रत काढणारा आणि जत्रेत बनावट डिस्क विकणारा एकाच माळेचे मणी, असे काल येथे एका सदस्याने लिहिले, ते वाचून गप्प बसवेना. 1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला, म्हणजे परवानगीविना केलेल्या वाजवी वापराला, मुभा देते, आणि 2012च्या दुरुस्तीने ही मुभा चित्रपटांनाही, म्हणजे नाटकांच्या चित्रीकरणांनाही, लागू केली. वडिलांनी जपलेल्या संगीत नाटकांच्या डिस्क यंदा पावसाळ्यानंतर कपाटातून काढल्या, तर त्यांवर बुरशीचे जाळे चढले होते आणि एक डिस्क दुसऱ्या अंकातच अडकली. ही नाटके आता बाजारात मिळत नाहीत. उरलेल्यांच्या प्रती काढून ठेवल्या, यात कोणाचे काय गेले?

बार्देसकर : कालचे ते मीच लिहिले होते, आणि आपण कायदा अर्धाच सांगता. त्याच दुरुस्तीने कलम 65अ आणले : प्रत काढता येऊ नये म्हणून घातलेले डिजिटल कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. डीव्हीडीवरील सीएसएस, म्हणजे तिच्यातला मजकूर सांकेतिक करून ठेवणारी यंत्रणा, हे असे कुलूपच आहे. माझे मामा तियात्रांत, म्हणजे गोव्यातल्या कोकणी संगीतनाट्यांत, वाजवायचे. त्यांच्या मंडळीची व्हीसीडी निघाली आणि काही दिवसांतच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात झेरॉक्स केलेल्या मुखपृष्ठासह निम्म्या किमतीत विकली जाऊ लागली. निर्मात्याने पुढची व्हीसीडी काढलीच नाही. त्या बनावट मालाची पहिली प्रतही कोणाच्या तरी घरीच निघाली असणार.

मांडवीकाठ : व्हीसीडीवर सीएसएस नसतेच, तेव्हा मामांच्या नुकसानीशी कलम 65अचा संबंध नाही. खरा राग मला निर्मात्यांचा येतो. चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, पण डिस्क तितकी टिकेल याची हमी कोण देतो? नवी आवृत्ती काढायची नाही आणि प्रेक्षकाने प्रतही काढायची नाही, मग ते नाटक पाहायचे कुठे?

बार्देसकर : ज्यांच्या घरात कोणी रंगमंचावर पोट भरले नाही, त्यांना हे बोलणे सोपे आहे.

अंत्रुजकर : घरापर्यंत जाऊ नका. कलम 65अ पूर्ण वाचा : हक्काचे उल्लंघन करण्याच्या हेतूने कुलूप तोडले, तरच तो गुन्हा ठरतो. अमेरिकेच्या 1998च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात कुलूप तोडण्याबाबत हेतूची अशी अट नाही. तिथला धाक आपण इथे का घालता? बाजारातल्या विक्रेत्यासाठी कलम 63 आहे, सहा महिने ते तीन वर्षे कैद. मामांना न्याय त्यातून मिळायला हवा होता, माझ्या कपाटाची झडती घेऊन नव्हे.

बार्देसकर : हेतूची अट मान्य करतो, नाइलाजाने. तरीही अख्खे नाटक उतरवून घेणे हा रास्त व्यवहार ठरतो, हे मला पटलेले नाही. निदान ती प्रत घराबाहेर गेलेली नाही, एवढे तरी लिहा.

अंत्रुजकर : एक प्रत मडगावला बहिणीकडे आहे. त्या डिस्क जितक्या माझ्या वडिलांच्या, तितक्याच तिच्याही वडिलांच्या. ती प्रत मी परत मागणार नाही.