प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकचा एक स्क्रू बसतो, समोरचा चार एमएम बाहेर. काय करू?

उद्यमनगर_लेथ:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे, कास्टिंग सिम्युलेशन (ओतकाम आधी कॉम्प्युटरवर करून बघणं) चालवायला गेल्या वर्षी एक जुना टू-यू, म्हणजे रॅकमध्ये बसणारा चपटा सर्व्हर घेतला. आत इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर एकच होता, १४ कोरचा, आणि दुसरं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) रिकामं. आता तसाच दुसरा प्रोसेसर सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून घातला, तो झक्कास बसला, दोन्ही लिव्हर खाली गेले, पण हीटसिंक काय बसंना. ऑनलाइन मागवला होता, विकणारा म्हणाला २०११ सॉकेटचा आहे, डोळे झाकून बसवा. मी पण स्टीलच्या पट्टीनं जुन्या हीटसिंकच्या भोकांचं कर्णातलं अंतर मोजलं होतं, साधारण ११ सेमी, ह्याचं पण ११ च्या आसपास, म्हटलं जुळतंय. आता एक स्क्रू लावला की समोरचा चार एमएम बाहेर जातोय. आमच्याकडं मिलिंग मशीन आहेच, भोकाला स्लॉट मारून बसवू काय?

तांबडापांढरा:
मार की, आणि वरून वेल्डिंग पण मार. नाद खुळा होईल 😀

गल्ली_नववी:
स्लॉट अजिबात मारू नका दादा. तुमच्या हातात चुकीचा हीटसिंक आलाय. २०११ सॉकेटला प्रोसेसर दाबून धरणाऱ्या दोन प्रकारच्या फ्रेम येतात, स्क्वेअर आणि नॅरो. प्रोसेसर दोन्हीत तोच बसतो, स्क्रूची भोकं तेवढी वेगळी. स्क्वेअरला ८० बाय ८० एमएम, नॅरोला ५६ बाय ९४. दोन सॉकेट शेजारी शेजारी आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना रॅमचे स्लॉट, एवढं सगळं रुंदीत बसवायचं म्हणून सर्व्हर बोर्डात बऱ्याचदा नॅरो असतं.
आता गंमत बघा, स्क्वेअरचा कर्ण येतो ११३ आणि नॅरोचा १०९.४. पट्टीनं मोजल्यावर दोन्ही ११ सेमीच वाटणार. तुमचा चार एमएम तिथनंच आलाय. वर्कशॉपवाल्यानं कर्ण मोजावा आणि तोही पट्टीनं, व्हर्नियर काय शोकेसमध्ये ठेवलाय व्हय?

उद्यमनगर_लेथ:
लाज काढली राव 🙏 आत्ता व्हर्नियर लावून मोजलं, बोर्डावर ५६ आणि ९४, हातातला ८० बाय ८०. नॅरोवाला मागवतो. पण ह्या चुकीच्या हीटसिंकच्या खाली उष्णता पोचवणाऱ्या करड्या पेस्टचा आयता चौकोन होता तो माझ्या बोटानं आणि दोनदा टेकवून पार विस्कटलाय, प्रोसेसरला पण लागलाय. कॉटन वेस्ट आणि थिनरनं पुसला तर चालतंय का?

शिरोली_सर्व्हर:
थिनर नको आणि कॉटन वेस्ट तर नकोच, त्याचे धागे मागं राहतात. मोबाइल रिपेअरवाल्याकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते आणि चष्मा पुसायचं कापड घ्या. प्रोसेसर सॉकेटमधनं काढू नका, आहे तिथंच वरचा पत्रा पुसा. ह्या सॉकेटमध्ये पिना खाली बोर्डात असतात, २०११ पिना, एक जरी वाकली तरी काही रॅम दिसेनाशी होऊ शकते नाहीतर मशीन चालूच होत नाही.
आणि एक, हे काम ग्राइंडरजवळ करू नका. मी स्वतः शिरोलीला एका फौंड्रीत सर्व्हर बघतो, तिथला उघडा केस दोन दिवसात काळाकुट्ट होतोय. बिडाची धूळ म्हणजे लोखंडच, वीज जाते त्यातनं. ऑफिसात नेऊन उघडा.
नवीन पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. लोक चपातीला तूप लावल्यासारखी लावतात, काही गरज नाही, दाबानं पसरती. स्क्रू मात्र आडवे-तिडवे, म्हणजे एक आणि त्याच्या समोरचा कर्णातला, दोन-दोन आटे देत फिरत राहायचं. एकच आधी पूर्ण आवळला तर हीटसिंक एका बाजूला कलतो आणि पेस्ट दुसरीकडं पळती. स्क्रूला स्प्रिंग असतात, शेवटी तळ लागला की थांबायचं, दाब स्प्रिंग देतात, तुमचा पाना नाही. सिलिंडर हेड आवळता तसंच, फक्त हाताचा जोर घरी ठेवून या.

उद्यमनगर_लेथ (आठ दिवसांनी):
नॅरोवाला आला आणि पहिल्या फटक्यात बसला. दोन्ही प्रोसेसर दिसतात, २८ कोर. पण टेबलावर झाकण उघडं ठेवून सिम्युलेशन लावलं तर पाच मिनिटात नवा प्रोसेसर ९० अंशांच्या वर आणि स्पीड पडायला लागला, जुना पण ८५. हीटसिंकवर फॅनच नाही हो, चुकीचा तर नाही ना आला परत?

गल्ली_नववी:
झाकण लावा आधी 😀 असल्या हीटसिंकला फॅन नसतोच. पुढच्या ओळीतले फॅन हवा ढकलतात आणि ती ह्या पात्यांमधनं मागं जायची असते. झाकण उघडं म्हणजे हवा वरनंच निघून गेली. आतलं काळं प्लास्टिकचं कव्हर काढलं असणार, ते परत बसवा, ते नसलं तर एकेका प्रोसेसरची १२० वॅट उष्णता कुणी न्यायची? पाती पुढून मागं अशीच आहेत ना, आडवी नाहीत ना, तेवढं बघा.

उद्यमनगर_लेथ:
व्हय, कव्हर कपाटावर होतं. लावलं. आता दोन तास झाले, जुना ६१, नवा ६७.

शिरोली_सर्व्हर:
नवा मागच्या बाजूला असला तर तसंच असतंय, त्याला पुढच्याची तापलेली हवा मिळते. चालतंय. रिकाम्या सॉकेटवर प्लास्टिकचा डमी होता तो टाकून देऊ नका, कधी एकाच प्रोसेसरवर चालवायची वेळ आली तर तो लागतो, नाहीतर सगळी हवा त्या रिकाम्या वाटेनं पळती.

उद्यमनगर_लेथ:
डमी पोरानं पेपरवेट केलाय, काढून घेतो. स्क्वेअरवाला हीटसिंक विकणारा परत घेईना, पेस्ट वापरली म्हणतोय. कुणाच्या बोर्डाला ८० बाय ८० असलं तर सांगा, पण व्हर्नियरनं मोजून.

तांबडापांढरा:
मी घेतो. स्लॉट मारून देता काय?