ती गोगलगाय नव्हे, समुद्रकाकडी
लक्षद्वीपच्या समुद्रात काढलेल्या एका फोटोतल्या काळ्या प्राण्याला कुणी गोगलगाय म्हटलंय, पण मला ती होलोथुरिया अ‍ॅट्रा ही समुद्रकाकडी (काकडीसारखा लांबट, मऊ अंगाचा समुद्री प्राणी) वाटते. अंग कोळशासारखं काळं, त्यावर वाळूचा पातळ थर आणि पाठीवर मधूनमधून उघडे राहिलेले गोल डाग, जणू कुणी बोटाने वाळू पुसलीय. हीच तिची खूण. लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या रांगेआडच्या शांत, उथळ पाण्यात, प्रवाळाजवळच्या वाळूवर ती दिवसाढवळ्या उघड्यावरच पडलेली असते. लांबी साधारण वीतभर, कधी हातभरही. तोंडाभोवतीच्या आखूड स्पर्शकांनी वाळू गिळायची, त्यातलं खाण्याजोगं पचवायचं, उरलेली वाळू मागून सोडायची, एवढाच तिचा उद्योग! चोळलं तर हाताला लालसर रंग लागतो, पण तो प्रयोग नको. २००१ पासून समुद्रकाकड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.