जकात (नाक्यावरचा कर नव्हे, मुसलमानाने आपल्या संपत्तीतून द्यायचा बंधनकारक वाटा) म्हणजे दान नाही, हक्क आहे. पटतंय का?

पायवाट: कुराण म्हटलं की चर्चा थेट बुरखा नाहीतर तलाकवर जाते. ७० व्या सूरेत (अध्यायात) स्पष्ट लिहिलंय की मालदार माणसाच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला ‘हक्क’ आहे, उपकार नव्हे! ९:६० मध्ये (म्हणजे सूरा ९, आयत अर्थात वचन ६०) जकात कुणाला द्यायची ते आठ प्रकारचे लोक सांगितलेत, त्यात कर्जात बुडालेले आणि गुलामांची सुटकासुद्धा, आणि ५९:७ तर म्हणते संपत्ती फक्त श्रीमंतांतच फिरत राहू नये. सातव्या शतकात हे म्हणजे क्रांतीच.

उलटतपासणी: क्रांती वगैरे जरा अति होतंय. ५९:७ लढाई न करता हाती आलेल्या मालाच्या वाटपाबद्दल आहे, मागचापुढचा संदर्भ वाचा की. गुलाम सोडवणं पुण्याचं काम म्हटलंय, पण गुलामगिरीच बंद करा असं कुठेय? सौदीत ती कायद्याने बंद झाली १९६२ ला, मॉरिटानियात १९८१ ला. एवढा उशीर का?

पायवाट: संदर्भ मान्य. पण नियमामागचं कारण त्याच आयतीत दिलंय ना, ते कारण तेवढ्या मालापुरतंच कसं राहील?

शाईचाडाग: मला बायकांबद्दल बोलायचंय. मुलगी जिवंत पुरण्याबद्दल जाब विचारणारा ग्रंथ (सूरा ८१), ४:७ मध्ये बाईला वारसाहक्क, मग ४:११ ला मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. खर्चाची जबाबदारी पुरुषावर म्हणून निम्मा, हे उत्तर पाठ आहे मला, कृपया परत नको. घर बाईच चालवत असेल तर काय?

पायवाट: म्हणून तर अर्थ नव्याने लावायचा. ट्युनिशियाने १९५६ ला बहुपत्नीत्व बंद केलं ते कुराणाचाच आधार घेऊन. ४:३ म्हणते सगळ्यांना समान न्याय देता येणार नसेल तर एकच करा, ४:१२९ म्हणते तसा न्याय तुम्हाला जमणारच नाही. दोन्ही एकत्र वाचल्या, विषय संपला.

उलटतपासणी: आणि त्याच ट्युनिशियात २०१८ ला समान वारसाहक्काचं विधेयक आलं तेव्हा? लोक रस्त्यावर उतरले, विधेयक तसंच पडून राहिलं. कारण ४:११ मध्ये आकडाच दिलाय राव, तिथे अर्थ लावायला जागा कुठून काढणार?

शाईचाडाग: आधी तो निम्मा तरी द्या. कित्येक घरांत बहिणीने ‘स्वखुशीने’ सोडलेला असतो, तेव्हा आयत आठवत नाही कुणाला.